परतीच्या पावसाचा अंदाज कसा वाचायचा

सोलापूर कोरडा जिल्हा म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरकडे कानाडोळा करू नकोस. आपल्याकडे बराचसा पाऊस तेव्हाच पडतो. आधी बंगालचा उपसागर बघ, अरबी समुद्र नंतर. ऑक्टोबर २०२० मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याजवळ किनारा ओलांडलेलं कमी दाबाचं तीव्र क्षेत्र तेलंगणातून थेट आपल्यावर आलं, पंढरपुरात चंद्रभागेला पूर. हवामान खात्याचा गुरुवारचा विस्तारित (पुढच्या काही आठवड्यांचा) अंदाज कल कळायला ठीक. मालदांडी (रब्बी ज्वारी) पेरायची की थांबायचं, हे मात्र जिल्ह्याचा रोजचा इशारा बघून ठरव. मूठभर माती दाबून बघ, चिकट गोळा झाला तर पाभर (पेरणीचं अवजार) घालू नको. द्राक्षाची छाटणी टप्प्याटप्प्यानं घे, सगळी बाग एकदम फुलोऱ्यात आणि वर पाऊस, मग डाऊनी (बुरशीचा रोग) आवरत नाही. व्हॉट्सॲपवरच्या ‘महावादळा’ची तारीख तेवढी तपास, बहुधा जुनीच असते.