मालिका ओळखा: क्लू असा द्या की उत्तर एकच निघेल

गणेशोत्सव तोंडावर आला की ‘जुन्या मालिका ओळखा’ या स्पर्धेबद्दलची पत्रं वाढतात. त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न: मंडळात यंदा बारा मालिका, प्रत्येकीचे पाच क्लू, असा बेत आहे. क्लूंचा क्रम आणि गुण कसे ठेवावेत? वेळ किती लागेल?
– एक वाचक, जुळे सोलापूर

अवघडाकडून सोप्याकडे जा आणि १०, ८, ६, ४, २ असे गुण ठेवा. प्रत्येक क्लूला २० सेकंद धरले तर नुसते क्लूच २० मिनिटं खातात. उत्तरं, टाळ्या आणि वादावादी धरून पाऊण तास हाताशी ठेवा.

खरा घोळ पहिल्या क्लूत होतो. दहा गुणांचा म्हणून लोक काहीतरी अगम्य देतात. ‘या मालिकेचे ९४ भाग झाले’ हे ऐकून विचार कुठून सुरू करायचा? ज्याला पाठ आहे तो सांगेल, बाकीचे माना खाली घालून बसतील. पहिला क्लू अवघड जरूर असावा, पण त्यातून तर्काला वाट मिळाली पाहिजे.

‘भारत एक खोज’ची उतरंड अशी लावता येईल. दहाला: शीर्षकगीत ऋग्वेदातल्या सूक्तावर बेतलेलं, हिंदी रूप वसंत देव यांचं. आठला: संगीत वनराज भाटिया. सहाला: ओम पुरी एकाच मालिकेत निरनिराळ्या भूमिकांत. चारला: नसीरुद्दीन शाह शिवाजी महाराजांच्या भूमिकेत. दोनला: मूळ पुस्तक अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलेलं. पहिल्या क्लूवरच डोकं चालवणारा म्हणेल, सूक्तापासून सुरुवात म्हणजे कथानक फार प्राचीन काळापासूनचं असणार, आणि पौराणिक मालिका तर ही वाटत नाही. तो बरोबर दिशेला लागला. किल्ल्याचा क्लू मात्र वर नेऊ नका. आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही तो ठाऊक असतो, पुढचे सगळे क्लू फुकट जातात.

चुकीच्या उत्तराला उणे गुण देऊ नका, लोक बोलायचेच बंद होतात. चुकलेला संघ त्या मालिकेपुरता बाद, एवढं पुरे. उत्तर तोंडी न घेता चिठ्ठीवर घ्या आणि चिठ्ठीवर क्लूचा क्रमांक लिहायला लावा, म्हणजे ‘आम्ही आधी सांगितलं होतं’ हे भांडण मुळातच उरत नाही. मंडपातली पब्लिक उत्तर ओरडतेच, ती थांबत नसते. प्रत्येक तीन मालिकांनंतर एक प्रश्न खास प्रेक्षकांना ठेवला की ओरडा बराच कमी होतो. शेंगा चटणीचं पाकीट बक्षीस ठेवलं तर आणखीच.

प्रश्न: वाचनालयातल्या स्पर्धेत ‘भारतातली पहिली मालिका कोणती?’ यावरून जुंपली. अर्धे ‘हम लोग’ म्हणाले, अर्धे ‘चिमणराव’. बरोबर कोण?
– एक वाचक, साखर पेठ

दोघंही आपापल्या जागी ठीक, प्रश्न चुकीचा. ‘हम लोग’ ७ जुलै १९८४ला सुरू झाली. देशभर एकाच वेळी दिसणारी पहिली दीर्घ कौटुंबिक मालिका म्हणून तिचं नाव घेतलं जातं. चि. वि. जोशींच्या कथांवरची ‘चिमणराव’ त्याच्याही आधीची, सत्तरच्या दशकातली. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं होतं. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ, सगळं कृष्णधवल. देशभरच्या प्रक्षेपणात रंग आला तो १९८२मध्ये.

‘पहिली’, ‘सर्वांत लांब’, ‘सर्वांत लोकप्रिय’ हे शब्द क्लूमध्ये आले की भांडण ठरलेलंच. अगदीच हवे असतील तर कशात पहिली ते त्याच वाक्यात लिहा. ‘हम लोग’साठी त्यापेक्षा चांगली खूण आहे: भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन दोन शब्द सांगायचे आणि मालिकेचं नाव निरनिराळ्या भारतीय भाषांत म्हणायचे.

असाच दुसरा खड्डा म्हणजे नव्या आवृत्त्या. ‘करमचंद’ १९८५ची, पण २००७मध्ये ती पुन्हा आली. ‘वागले की दुनिया’ १९८८ची आणि २०२१मध्ये नवी निघाली, त्यातही अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर आहेतच. ‘रामायण’, ‘महाभारत’ २०२०च्या लॉकडाऊनमध्ये जुनेच परत दाखवले, त्यामुळे विशीतली मुलंही ते ‘आमच्या वेळचं’ म्हणून सांगतात. म्हणून उत्तरपत्रिकेत मालिकेच्या नावापुढे वर्ष लिहून ठेवा आणि कोणतं उत्तर ग्राह्य धरायचं ते आधीच ठरवा.

प्रश्न: आमच्या भिशीचा संघ स्पर्धेत उतरतोय. मालिका सगळ्या बघितल्यात, पण ऐन वेळी नाव आठवत नाही. तयारी कशी करावी?
– एक वाचक, विजापूर रोड

नावांच्या याद्या पाठ करू नका. क्लू कानावर पडला की आधी काळ पकडा. १९८४ ते १९९२च्या मध्यापर्यंत जे काही होतं ते दूरदर्शनवर. झी टीव्ही २ ऑक्टोबर १९९२ला आला, अल्फा मराठी (आताची झी मराठी) १९९९मध्ये. ‘आभाळमाया’, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही अल्फाच्या काळातली. नुसत्या काळावरून निम्मी नावं गळतात.

मग माणूस पकडा, पण एका माणसावर थांबू नका. इथेच सगळे चुकतात. मनोहर श्याम जोशी म्हटलं की लगेच ‘हम लोग’ ओरडतात. ‘बुनियाद’ आणि ‘मुंगेरीलाल के हसीन सपने’ही त्यांचीच. आर. के. लक्ष्मण म्हटलं की ‘वागले की दुनिया’, पण ‘मालगुडी डेज’मधली रेखाचित्रंही त्यांचीच. अरुण गोविल म्हणजे ‘रामायण’ असं वाटतं, पण त्याआधी ‘विक्रम और बेताल’मध्ये राजा विक्रम तेच होते. दिग्दर्शक कुंदन शाह यांचं नाव आलं तर चार मालिका समोर ठेवा. सोबत शरद जोशी आले (शेतकरी संघटनेचे नव्हेत, हिंदी व्यंगकार) तर ‘ये जो है जिंदगी’. सईद मिर्झा आले तर ‘नुक्कड’, अझीझ मिर्झा आले तर ‘सर्कस’, लक्ष्मण आले तर ‘वागले’. दोन नावं जिथे एकमेकांना भेटतात तिथे मालिका सापडते. तोवर चिठ्ठी हातातच ठेवा.

सराव म्हणून हे करून पाहा: ‘नायिका त्या काळी कपडे धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीमुळे घराघरांत ओळखीची. मालिका तिनेच लिहिली आणि दिग्दर्शित केली. कथा सख्ख्या बहिणीच्या पोलीस कारकिर्दीवरून सुचलेली.’ जाहिरातीतल्या ललिताजी म्हणजे कविता चौधरी. पोलिसातल्या बाई म्हणजे कल्याणी सिंह. मालिका ‘उडान’, १९८९. बहीण कांचन चौधरी भट्टाचार्य पुढे २००४मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, देशात त्या पदावरच्या पहिल्या महिला. इथे ‘पहिल्या’ म्हणायला हरकत नाही, कारण पद एकच आणि तारीख नोंदलेली.

प्रश्न: आमच्या भागात निम्मी मंडळी घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड. मराठी मालिका विचारल्या की ते गप्प बसतात. काय निवडावं?
– एक वाचक, अशोक चौक

बारापैकी मराठी तीनच ठेवा आणि त्याही गाजलेल्या. ‘गोट्या’ घ्या: ना. धों. ताम्हनकरांचं पुस्तक, ‘बीज अंकुरे अंकुरे’ हे मधुकर आरकडे यांचं गीत आणि अशोक पत्की यांचं संगीत. गाणं वाजवलं तर मात्र क्लू लागतच नाही. बाकीच्या नऊ दूरदर्शनच्या हिंदी मालिका घ्या, त्या सगळ्यांनी एकाच वेळी पाहिल्यात.

त्यात ‘मालगुडी डेज’ हवीच. दिग्दर्शक शंकर नाग, चित्रीकरण आगुंब्याला, स्वामीचे वडील गिरीश कर्नाड, संगीत एल. वैद्यनाथन. कन्नड बोलणारे इथे पुढे असतील आणि ते बरंच आहे. तेलुगू मंडळींसाठी ‘तेनाली रामा’. दिग्दर्शक टी. एस. नागाभरण, मुख्य भूमिकेत विजय कश्यप. ‘महाभारत’साठी भीमाचा क्लू कुठल्याही भाषेत चालतो: प्रवीण कुमार हे थाळीफेकपटू, १९६६ आणि १९७०च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक.

प्रश्न: शीर्षकसंगीत ऐकवून ओळखायची फेरी घ्यायची आहे. मागच्या खेपेला मोबाइलवरून लावताना मध्येच जाहिरात सुरू झाली.
– एक वाचक, होटगी रोड

थेट यूट्यूबवरून कधीच लावू नका. तुकडे आधी कापून फोनमध्ये किंवा पेन ड्राइव्हवर घ्या, प्रत्येकी ६ ते ८ सेकंदांचे. फाइलींना मालिकेचं नाव न देता ०१, ०२ असे आकडे द्या. प्रोजेक्टर जोडलेला असेल तर नाव पडद्यावर झळकतं आणि फेरी तिथेच संपते. तुकडा कुठे कापलाय तेही ऐका. शब्द सुरू झाले की बऱ्याच गाण्यांत मालिकेचं नाव येतं, म्हणून सुरुवातीचं वाद्यसंगीत घ्या. जुनी ध्वनिमुद्रणं दबकी असतात, नव्वदीनंतरची दणदणीत. सगळ्यांचा आवाज आधीच सारखा करून घेतला नाही तर ऑपरेटर दर वेळी बटण फिरवत बसतो आणि पहिले दोन सेकंद वाया जातात. फोन फ्लाइट मोडवर टाका. ही फेरी रात्री दहाच्या आत उरका, त्यानंतर स्पीकर बंदच.

प्रश्न: सोलापूरशी नातं असलेला एखादा क्लू सुचवाल का? आणि दोन संघांचे गुण सारखे झाले तर?
– एक वाचक, सात रस्ता

‘सोन परी’ घ्या. पहिला क्लू: शीर्षकभूमिका करणारी अभिनेत्री त्याआधी दूरदर्शनवरच्या एका ऐतिहासिक मालिकेत रमाबाई पेशवे होती. दुसरा: सोलापुरात जन्मलेली, हिंदी चित्रपटांतल्या खलनायिकेच्या भूमिकांसाठी गाजलेली एक अभिनेत्री या मालिकेतही होती. ‘स्वामी’ आठवली की मृणाल कुलकर्णी सापडतात. तिथे काही जण त्यांचीच ‘अवंतिका’ लिहून मोकळे होतील, त्यांना शशिकला अडवतील.

बरोबरी फोडायला मात्र आकडा उत्तम. ‘रामायण’चे मूळ प्रक्षेपणातले भाग किती? दोन्ही संघांनी एकाच वेळी लिहायचं, जो जवळ तो जिंकला. उत्तर ७८. तरीही सुटलं नाही तर ‘भारत एक खोज’: ५३.