मेळावा नको, अर्धा तास मागा

सातारच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली, यंदा विभागाच्या संख्याशास्त्र मंडळाची सचिव झालेली विद्यार्थिनी लिहिते : ‘आमच्याकडे दरवर्षी माजी विद्यार्थी मेळावा होतो. शाल-श्रीफळ, भाषणं, जेवण, फोटो. नंतर ग्रुपवर फक्त सणांच्या शुभेच्छा. संख्याशास्त्र घेऊन पुढे नेमकं काय होतं, हे मात्र आम्हाला कळत नाही. माजी विद्यार्थ्यांना खरंच कसं जोडायचं? आणि नोकरीची तयारी सोडून मी यात वेळ घालवू का?’

तुझा पहिला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या ‘नॅक’च्या मूल्यमापनात माजी विद्यार्थ्यांचा सहभागही पाहिला गेला आहे, त्यामुळे महाविद्यालयं मेळावे घेणारच. ते खुशाल होऊ देत. तुमच्या मंडळाचं काम निराळं आहे.

सुरुवात मोठ्या पदावरच्या पाहुण्यांपासून करू नका. दोन ते पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांना गाठा. पंचवीस वर्षांपूर्वी नोकरीला लागलेल्यांच्या वेळी भरतीची पद्धतच वेगळी होती. परवा-परवा लागलेल्या दादा-ताईंना मात्र मुलाखतीत काय विचारलं, एक्सेल किती लागलं, आर की पायथन (आकडेवारीच्या कामाच्या संगणकभाषा) यातलं काय लागलं, पहिला पगार किती, हे सगळं आठवत असतं. जे अजून लागले नाहीत त्यांनाही बोलवा. कुठे अडलं हे त्यांच्याइतकं नेमकं कोणी सांगणार नाही, आणि त्यांनाही चार ओळखी होतील.

‘आम्हाला मार्गदर्शन करा’ असा निरोप पाठवला तर ‘हो, नक्की’ असं उत्तर येतं आणि विषय तिथेच संपतो. त्याऐवजी लिही : ‘ताई, तुम्ही औषधांच्या चाचण्या (क्लिनिकल ट्रायल) करणाऱ्या कंपनीत सॅस या सॉफ्टवेअरवर काम करता असं सरांकडून कळलं. रविवारी सकाळी अर्धा तास द्याल का? आम्ही आठजण आहोत, प्रश्न आधी पाठवतो.’ इतकं नेमकं मागितलं की नाही म्हणणं अवघड जातं. बोलणं झाल्यावर काय उपयोग झाला हे दोन ओळींत त्यांना कळवा. पुढच्या वर्षी त्या पुन्हा वेळ देतील त्या या दोन ओळींमुळेच.

माणसं निवडताना वाटा वेगवेगळ्या ठेवा : विमा कंपनीत ॲक्च्युअरीच्या (विम्यातली जोखीम आकड्यांत मोजणाऱ्या तज्ज्ञाच्या) परीक्षा देणारे, यूपीएससीच्या भारतीय सांख्यिकी सेवेची तयारी करणारे, जिल्हा सांख्यिकी कार्यालयातले, शिक्षक झालेले. सांख्यिकी सेवेला पदवीला संख्याशास्त्र हा विषय असला तरी चालतं, पण वय किमान २१ आणि कमाल ३० लागतं (आरक्षित प्रवर्गांना सवलत). ही साधी गोष्टसुद्धा अनेकांना एम.एस्सी. झाल्यावर कळते, याचं मला वाईट वाटतं.

पुण्यात नोकरी करणारी आपली मुलं दिवाळीला आणि गावच्या जत्रेला हमखास घरी येतात. जत्रांचे दिवस परीक्षांच्या तोंडावर येतात, म्हणून प्रत्यक्ष भेट दिवाळीत ठरवा, बाकी फोनवर. २९ जूनला, संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या जन्मदिनी, सांख्यिकी दिन असतो. नव्या वर्षाची पहिली बैठक त्याच आठवड्यात घेता येईल. भेटी विभागातच, एखाद्या प्राध्यापकांना सांगून व्हाव्यात, विशेषतः नव्या मुलींसाठी. कुणाचाही नंबर त्यांना विचारल्याशिवाय पुढे देऊ नका.

आता तुझा दुसरा प्रश्न. अनोळखी माणसाशी नेमकं बोलणं, वेळ ठरवणं, पाठपुरावा करणं हे तू यातून शिकशील, आणि कुठे जागा निघते हे इतरांआधी तुझ्या कानावर येईल. पण आठवड्याला दोन तासांच्या वर जाऊ नकोस. बाकीचा वेळ अभ्यासाला आणि आर शिकायला दे.

नोकरी मागायची मात्र पहिल्या फोनवर नको. ओळख झाल्यावर, बायोडाटा तयार असताना, ‘तुमच्याकडे जागा निघाली तर कळवाल का?’ एवढं विचारायला हरकत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या दोघांना आत्तापासून सोबत घे. माजी विद्यार्थ्यांची यादी तुझ्या फोनमध्ये न ठेवता विभागाच्या ई-मेलवर ठेव, म्हणजे तू मे महिन्यात बाहेर पडलीस तरी ती विभागातच राहील. आणि त्या यादीत पुढचं नाव तुझं घाल.