स्त्री-पुरुषांत नैसर्गिक फरक आहेत असं संशोधन दाखवत असेल, तर समानतेचा आग्रह अशास्त्रीय ठरतो का?

ठरत नाही. सरासरी उंचीत फरक आहे म्हणून कुणाचं मत अर्धं मोजलं जात नाही. समान हक्क सारखेपणावर उभे नाहीत, त्यामुळे सापडलेला फरक लपवायचीही गरज नाही.

उलट फरक न तपासणंच महागात पडतं. झोल्पिडेम हे झोपेचं औषध अमेरिकेत वीसेक वर्षं दोघांना १० मिलिग्रॅम दिलं जायचं. स्त्रियांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडतं, सकाळी गाडी चालवतानाही रक्तात उरतं. २०१३ मध्ये तिथल्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) स्त्रियांची मात्रा ५ मिलिग्रॅमवर आणली.

मानसिक फरकांची बातमी वाचताना मात्र 'फरक किती?' हे आधी शोधा. नमुना मोठा असला की किरकोळ फरकही सांख्यिकीदृष्ट्या 'लक्षणीय', म्हणजे निव्वळ योगायोगाचा नसावा असा, ठरतो. म्हणून 'कोहेनचा डी' पाहावा: दोन सरासरींमधलं अंतर भागिले प्रमाण विचलन (माणसं सरासरीपासून साधारण किती दूर विखुरलेली आहेत त्याचं माप). उंचीत तो दीडच्या वर जातो. मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये ४६ मेटा-विश्लेषणं (अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करणारे अभ्यास) एकत्र तपासली, तेव्हा ७८ टक्के फरक ०.३५ किंवा त्याहून कमी निघाले. (चेंडू फेकण्याचा वेग हा ठळक अपवाद.) डी ०.३५ असेल तर स्त्रिया आणि पुरुष यांच्या गुणांचे दोन्ही आलेख सुमारे ८६ टक्के एकमेकांवर बसतात. कोणतेही एक पुरुष आणि एक स्त्री उचलले, तर सरासरी जास्त असलेल्या गटातली व्यक्ती वरचढ असण्याची शक्यता जेमतेम ६० टक्के. एवढ्यावर कुणाला नोकरी नाकारणं म्हणजे निव्वळ अडाणीपणा.

शोधनिबंधांतही एक चूक सर्रास दिसते. उपचाराचा परिणाम पुरुषांत दिसला (पी ०.०४), स्त्रियांत नाही (पी ०.०७), म्हणून लिंगभेद जाहीर! ('पी' म्हणजे परिणाम मुळात नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा परिणाम दिसण्याची शक्यता; ती ०.०५ च्या खाली असली की निकाल 'लक्षणीय' मानायची प्रथा आहे.) पण ०.०४ आणि ०.०७ हे दोन आकडे जवळजवळ सारखेच आहेत. दोन्ही गटांतल्या परिणामांची थेट तुलना, म्हणजे 'इंटरॅक्शन'ची चाचणी केलेली नसेल तर तो दावा बाजूला ठेवा.

आणि फरक खरा निघाला तरी तो जन्मजात आहे हे सिद्ध होत नाही. मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसला तरीही नाही, कारण सराव आणि शिक्षणानेही मेंदू बदलतो. मोठ्यांच्या एका वेळच्या स्कॅनवरून कारण कळत नाही. त्यासाठी तीच मुलं वर्षानुवर्षं तपासावी लागतात, किंवा वेगवेगळ्या समाजांत तोच फरक तेवढाच राहतो का ते पाहावं लागतं.