पेशीचा ‘आकार’ की ‘आकारमान’? यीस्टमधल्या ऑर्ब६ कायनेजाच्या निमित्ताने

प्रश्न असा आहे : “‘ऑर्ब६ हे यीस्ट पेशीची वाढ व आकार नियंत्रित करणारे प्रोटीन कायनेज आहे’ हे वाक्य बरोबर आहे का? ‘आकार’ ठेवावा की ‘आकारमान’? आणि कायनेज हा, ही की हे?”

कायनेज म्हणजे दुसऱ्या रेणूवर फॉस्फेट चढवणारे विकर (एन्झाइम). व्याकरणाला धरून वाक्य ठीक आहे. अडचण ‘आकार’ आणि ‘वाढ’ या दोन शब्दांची आहे. ते इतके ओळखीचे आहेत की त्यांतली संदिग्धता पटकन जाणवत नाही. पाककृतीत ‘लिंबाच्या आकाराचा चिंचेचा गोळा’ म्हणतात तेव्हा मोजमाप सांगायचे असते, गोळ्याला लिंबासारखी टोके काढायची नसतात. ‘चंद्रकोरीच्या आकाराची टिकली’ म्हणताना मात्र रूपच सांगायचे असते. बोलण्यात संदर्भ सावरून घेतो. पेशीविज्ञानात संदर्भ सावरत नाही, कारण तिथे रूप आणि मोजमाप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या कायनेजांनी बिघडतात.

ऑर्ब६ ज्या यीस्टमधले आहे ते शायझोसॅकॅरोमायसिस पोम्बे, म्हणजे मधोमध दुभंगून वाढणारे फिशन यीस्ट. पाउल लिंडनर या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये ते पूर्व आफ्रिकेतल्या भरडधान्याच्या बिअरमधून वेगळे केले. ‘पोम्बे’ हा स्वाहिलीतला बिअरसाठीचा शब्द. पेशी दंडगोलासारखी, दोन्ही टोके अर्धगोल. रुंदी साधारण ४ मायक्रोमीटर राहते, पेशी फक्त लांबीने वाढते आणि सुमारे १४ मायक्रोमीटर झाली की दुभंगते.

याच पेशीत वी१ नावाचे दुसरे कायनेज आहे. पेशीवैज्ञानिक पॉल नर्स यांना १९७० च्या दशकात एडिंबरोमध्ये त्याचे उत्परिवर्ती (म्हणजे त्याच्या जनुकात बदल झालेल्या पेशी) सापडले. वी१ हे पेशीला विभाजनात ढकलणाऱ्या सीडीसी२ या प्रथिनातल्या १५ व्या जागेवरच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवते आणि त्यामुळे पेशी विभाजनात शिरायची थांबते. वी१ निकामी झाले की पेशी जवळपास निम्म्या मोजमापाची असतानाच दुभंगते. पण ती दंडगोलच राहते. म्हणजे आकार तोच, आकारमान कमी. ऑर्ब६ निकामी झाले तर पेशी दंडगोल राहत नाही, गोल होते. म्हणजे आकारच बदलला. दोन्हीकडे नुसते ‘आकार नियंत्रित करते’ असे लिहिले, तर या दोन कायनेजांतला मुख्य फरकच पुसला जातो.

एक गणित करून पाहण्यासारखे आहे. १४ मायक्रोमीटर लांब आणि ४ मायक्रोमीटर रुंद अशा पेशीचे घनफळ सुमारे १५९ घन मायक्रोमीटर भरते. तेवढ्याच घनफळाचा गोल केला तर त्याचा व्यास जेमतेम ६.७ मायक्रोमीटर येतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो पाहून कुणीही ‘पेशी लहान झाली’ असे लिहील, आणि ते चूक ठरेल. दंडगोल पेशींची तुलना लांबीवर चालते, कारण रुंदी फारशी बदलत नाही. गोल पेशी आली की लांबी निरुपयोगी. घनफळच काढावे लागते. म्हणून मी रूपाला ‘आकार’, मोजमापाला ‘आकारमान’ आणि प्रत्यक्ष आकडा दिला असेल तिथे ‘लांबी’ किंवा ‘घनफळ’ असे लिहावे या मताचा आहे. ‘लहान आकाराच्या पेशी’ ऐवजी सरळ ‘लहान पेशी’ म्हणावे.

ऑर्ब६ च्या बाबतीत आकारमानही सुटत नाही, आणि ते वेगळे सांगावे लागते. या कायनेजाची क्रिया कमी पडली की पेशी विभाजनात लवकर शिरते, ते जास्त प्रमाणात तयार केले की उशिरा. म्हणजे आकार राखणे आणि विभाजनाची वेळ ही दोन कामे त्याच्याशी जोडलेली आहेत.

आता ‘वाढ’. मराठीत एका पेशीची लांबी वाढली तरी वाढ, आणि फ्लास्कमधल्या पेशींची संख्या वाढली तरी वाढच. वी१ निकामी असलेल्या पेशींची संख्या दुप्पट व्हायला लागणारा वेळ जवळपास नेहमीएवढाच असतो. फक्त पेशी कमी लांबीवर दुभंगतात. त्यामुळे ‘वी१ पेशीची वाढ रोखते’ हे विधान चुकीचे आहे. ते विभाजन रोखते. ऑर्ब६ वाढीची जागा ठरवते : नवी भिंत टोकांवरच घातली जावी, बाजूंना नाही. त्यासाठी ते जीईएफ१ या प्रथिनावर फॉस्फेट चढवून त्याला पेशीद्रवात अडकवून ठेवते. ऑर्ब६ बंद पडले की जीईएफ१ मोकळे होऊन बाजूंवर पोचते, तिथे वाढ सुरू करून देणाऱ्या सीडीसी४२ या प्रथिनाला जागे करते आणि पेशी सगळीकडून फुगते. म्हणून मूळ वाक्य मी असे करीन : ‘ऑर्ब६ हे फिशन यीस्टमधले प्रथिन-कायनेज पेशीची वाढ टोकांपुरती मर्यादित ठेवते, त्यामुळे पेशीचा दंडगोल आकार टिकतो, ती कोणत्या आकारमानाला दुभंगेल यावरही त्याचा परिणाम होतो.’

नावावरूनही फसगत होते. यीस्टमधली बरीच नावे जनुक बिघडल्यावर जे दिसते त्यावरून पडली आहेत. ‘ऑर्ब’ म्हणजे गोल, पण ते प्रथिन पेशीला गोल होऊ देत नाही. ‘वी’ हा स्कॉटलंडच्या बोलीत ‘इवलासा’, पण ते प्रथिन पेशीला इवलीशी असताना दुभंगू देत नाही. नावाचा अर्थ पाहून कामाचे वर्णन केले की ते नेमके उलटे होते. ‘गोलक६’ असली भाषांतरे तर करूच नयेत. नाव जसेच्या तसे लिहावे.

कायनेज नपुंसकलिंगी ठेवावे. विकर आणि प्रथिन हे दोन्ही नपुंसकलिंगी, शिवाय शब्द अकारान्त, त्यामुळे हे कायनेज, ती कायनेजे, कायनेजाचे. ‘कायनेजचे’ असेही सर्रास लिहितात आणि ते खटकत नाही. एका लेखात एकच रूप ठेवले म्हणजे झाले. प्रथिन-कायनेज म्हणजे प्रथिनावर काम करणारे कायनेज. ‘प्रथिनयुक्त कायनेज’ असे छापलेले दिसते, ते निरर्थक आहे. फॉस्फेटाला ‘स्फुरद’ म्हणण्याचा मोह टाळावा. शेतकऱ्याला तो शब्द नत्र, स्फुरद, पालाश या खतांच्या हिशेबातून माहीत आहे, आणि तो तिथेच शोभतो.

शेवटचा मुद्दा प्रश्नात नाही, पण लिहिताना अडणारच. रोमन लिपीत फिशन यीस्टचे जनुक लहान तिरप्या अक्षरांत आणि प्रथिन मोठ्या आद्याक्षराने उभ्या अक्षरांत लिहितात. बेकरीच्या यीस्टमध्ये रीत निराळी : मूळ जनुक सगळे मोठ्या अक्षरांत, अप्रभावी उत्परिवर्तन लहान अक्षरांत. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत, त्यामुळे दर वेळी ‘ऑर्ब६ जनुक’, ‘ऑर्ब६ प्रथिन’, ‘ऑर्ब६ उत्परिवर्ती’ असे शब्दांत सांगावे लागते. थोडी जागा जाते, पण जनुक काढून टाकले की प्रथिन निष्क्रिय केले, हे वाचणाऱ्याला कळते. आणि हा फरक मोठा आहे : ऑर्ब६ जनुक पूर्ण काढले तर पेशी जगत नाही, म्हणून प्रयोग तापमान-संवेदी उत्परिवर्तीवर करतात, जो २५ अंशांना नीट वाढतो आणि ३६ अंशांना गोल होतो. नाव आणि आकडा यांच्यात संयोगचिन्हही घालू नये. ‘ऑर्ब-६’ नव्हे, ‘ऑर्ब६’. संयोगचिन्हानंतरचा आकडा विशिष्ट उत्परिवर्तनाचा असतो : ऑर्ब६-२५, वी१-५०.