एल्विसच्या पलीकडची रॉकबिली कुठून ऐकायला घ्यावी?

रॉकबिली म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडचं कंट्री संगीत आणि ब्लूज मिसळून झालेलं सुरुवातीचं रॉक अँड रोल. त्यातला एल्विस आणि मेम्फिसची सन रेकॉर्ड्स ही कंपनी ऐकून झालंय, आता छोट्या लेबलांच्या, म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांच्या, विस्मरणात गेलेल्या रेकॉर्ड्सकडे कसं वळू, असं तुम्ही विचारलंय. मेम्फिस सोडा आणि थेट टेक्सास गाठा. तिथे 1952 साली सुरू झालेलं स्टारडे हे लेबल धरा.

पुढे कंट्रीतला केवढा मोठा गायक झालेला जॉर्ज जोन्स 1956 साली इथेच ‘थंपर जोन्स’ हे टोपणनाव घेऊन रॉकबिली गायला. पण माझा जीव जडलाय तो सनी फिशरवर. त्याचं ‘रॉकिन डॅडी’ 1955 चं. जोई लाँगची गिटार ऐकाच, कंट्रीच्या अंगणात ब्लूज येऊन बसल्यासारखी वाटते. स्टारडेवर फिशरच्या चारच रेकॉर्ड्स निघाल्या, मग तो संगीतातून बाहेरच पडला. जवळपास पंचवीस वर्षांनी लंडनच्या एस रेकॉर्ड्सने ती गाणी पुन्हा काढली आणि पन्नाशीला टेकलेला फिशर युरोपात जाऊन गायला. हे आठवलं की मला अजूनही भरून येतं.

स्टारडे पैसे भरणाऱ्या कुणालाही काहीशे प्रती काढून द्यायचं. गायकाने त्या स्वतःच विकायच्या, गावच्या रेडिओवर नेऊन द्यायच्या. इतक्या कमी प्रती, त्याही एकाच भागात, हरवणारच. आज त्या ऐकायला मिळतात त्या जर्मनीच्या बेअर फॅमिलीसारख्या लेबलांच्या संग्रहांमुळे. हॅसिल ॲडकिन्सही ऐका. वेस्ट व्हर्जिनियातला हा माणूस गिटार आणि ड्रम एकटाच वाजवत गायचा. नॉर्टन हे लेबल 1986 साली निघालं तेच त्याच्यासाठी.

मूळ रेकॉर्ड हाती लागली तर गाणं संपल्यावरची गुळगुळीत पट्टी टॉर्च तिरपा धरून बघा. आरसीए या बड्या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या कारखान्यात निघालेली असेल तर तिथे कोरलेल्या क्रमांकाचं पहिलं अक्षर साल सांगतं: जी म्हणजे 1956, एच म्हणजे 1957, आणि आय गाळून जे म्हणजे 1958. माझ्याकडे एक आहे, मधलं कागदी लेबल इतकं उडालंय की गायकाचं नाव अर्धंच उरलंय. त्या पट्टीवर मात्र एच स्वच्छ दिसतो. उरलेलं अर्धं नाव मी चार वर्षं शोधतोय, आणि रेकॉर्ड दर रविवारी लावतो.