विद्यापीठाचा क्रमांक आणि मुलीचा वर्ग

प्रश्न : मॅडम, माझ्या मुलीला बारावी सायन्सनंतर केमिस्ट्रीत बी.एस्सी. करायचं आहे. मुंबई विद्यापीठाला कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची ‘ए++’ श्रेणी आहे असं सगळे सांगतात, पण केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीची यादी पाहिली की वेगळंच चित्र दिसतं. विश्वास कशावर ठेवायचा? विद्यापीठ नीट शिकवतं की नाही, हे आमच्यासारख्यांनी ओळखायचं कसं?
– एक पालक, डोंबिवली

उत्तर : तुमची मुलगी बहुधा विद्यापीठाच्या कलिना संकुलात नाही, घराजवळच्या एखाद्या संलग्न कॉलेजात शिकेल. म्हणून आधी हे सांगते : एनआयआरएफ विद्यापीठाचा क्रमांक लावताना विद्यापीठाचे स्वतःचे विभाग पाहतं. संलग्न कॉलेजं त्यात धरली जात नाहीत, त्यांची यादी वेगळी असते. नॅकही मूल्यांकन करून घेणाऱ्या कॉलेजला स्वतंत्र श्रेणी देतं. 2021 मध्ये मुंबई विद्यापीठाला चारपैकी 3.65 गुण मिळाले, ही आनंदाचीच गोष्ट. पण ते गुण तुमच्या मुलीच्या वर्गाचे नव्हेत.

शिवाय मोजलं काय जातं तेही पाहा. विद्यापीठांसाठी एनआयआरएफच्या शंभर गुणांपैकी अध्यापन आणि साधनसामग्रीला 30, संशोधनाला 30, विद्यार्थ्यांच्या निष्पत्तीला (निकाल, पदव्या) 20, समावेशकतेला 10 आणि जनमानसातल्या प्रतिमेला 10. अध्यापनाच्या 30 गुणांत शिक्षक-विद्यार्थी प्रमाण, शिक्षकांची पीएच.डी. आणि अनुभव, झालेला खर्च हे सगळं येतं. तास कसा झाला, हे पाहायला वर्गात कुणी बसत नाही. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. फळ्यासमोर रोज जे घडतं त्याला या तक्त्यात रकाना नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

संशोधनाचं मोजमापही असंच अपुरं आहे. शोधनिबंध मोजले जातात ते स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या दोन सूचींवरून. मराठी नियतकालिकात आलेला बोलीभाषेवरचा उत्तम लेख तिथे क्वचितच दिसेल. विद्यापीठाची हद्द बदलली की आकडाही बदलतो. माटुंग्याचं यूडीसीटी (रासायनिक तंत्रज्ञान विभाग) 1933 पासून मुंबई विद्यापीठाचा विभाग होतं. 2008 मध्ये ते आयसीटी नावाचं स्वतंत्र अभिमत विद्यापीठ झालं आणि तिथलं संशोधन विद्यापीठाच्या खात्यातून गेलं. तिथल्या प्रयोगशाळांत काम तेच चालू राहिलं.

आता तुमच्या कामाचं. एनआयआरएफमध्ये भाग घेणाऱ्या कॉलेजला आपली भरलेली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. ती पीडीएफ उघडा. त्यात शिक्षकांची यादी असते : पात्रता, अनुभव, रुजू झाल्याची तारीख, नेमणूक नियमित की कंत्राटी. केमिस्ट्रीचे नियमित शिक्षक किती, ते मोजा. माझ्या मते सगळ्यात मोलाचा आकडा हाच. तासिका तत्त्वावरचे तरुण शिक्षक जीव तोडून शिकवतात, मी पाहिलंय. पण तासापुरते पैसे मिळणाऱ्या माणसाला दुसऱ्या कॉलेजच्या तासासाठी लोकल गाठावी लागते. प्रॅक्टिकल संपल्यावर मुलीला शंका आली तर तिने थांबून विचारायचं कुणाला?

त्याच पीडीएफमध्ये पहिल्या वर्षाला किती मुलं आली आणि ठरलेल्या मुदतीत पदवी घेऊन किती बाहेर पडली, हेही असतं. दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडा. मात्र तिथे सगळे अभ्यासक्रम एकत्र धरलेले असतात, म्हणून केमिस्ट्रीचा आकडा विभागात जाऊन वेगळा विचारा. नोकरी लागलेल्या मुलांच्या पगाराच्या रकान्याकडे मी फारसं लक्ष देणार नाही. बी.एस्सी.नंतर पुष्कळ मुलं एम.एस्सी.कडे वळतात, आणि त्यांचा रकाना वेगळा असतो.

विद्यापीठाला एका गोष्टीचा जाब मात्र जरूर विचारावा : निकाल. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 च्या कलम 89 प्रमाणे परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हायला हवा, आणि कुठल्याही परिस्थितीत 45 दिवसांच्या आत तो लागलाच पाहिजे. 2017 मध्ये ऑनस्क्रीन पेपर तपासणीच्या गोंधळात मुंबई विद्यापीठाचे निकाल महिनोन्‌महिने रखडले. गुणपत्रिकेवाचून पुढचे प्रवेश अडले, ते विद्यार्थ्यांनी सोसलं. श्रेणी ठरवताना या कलमाचं पालन किती झालं, याला भरपूर गुण असावेत असं मला ठामपणे वाटतं.

फॉर्म भरण्याआधी मुलीला घेऊन कॉलेजात जा. एखाद्या चालू प्रॅक्टिकलच्या वेळी लॅब पाहू द्या म्हणावं. एका बॅचला किती मुलं, टायट्रेशन प्रत्येकजण स्वतः करतो की चौघांत एक ब्युरेट (त्या प्रयोगाची मोजनळी), हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारा. त्या खरं सांगतील. दोन कॉलेजांत निवड अडली तर दोन्हींची शिक्षकांची यादी मला पाठवा, मी पाहून कळवीन.