परसातला स्टुडिओ आणि घरातले भाडेकरू

भाड्याने दिलेल्या घराच्या परसात मुलाच्या रियाजासाठी स्टुडिओ बांधायचाय, असं तुम्ही लिहिलंत. पण तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी अडखळले. "घर भाड्याने दिलंय, पण परस तर आमचंच आहे." मालकी तुमची आहे, पण वापराचा हक्क भाडेकरारावर ठरतो. घरासोबत परसही वापरायला दिलं असेल, तर भाडेकरूंच्या संमतीशिवाय तिथे कुदळही मारू नका. आधी पुरवणी करार करा. कोणती जागा स्टुडिओची, तुमची येण्याजाण्याची वाट कुठून, वाजवायचं किती वाजेपर्यंत, बांधकाम किती आठवडे चालणार, हे सगळं त्यात लिहा. बांधकाम परवाना, हद्दीपासून सोडायचं अंतर आणि आवाजाचे नियम तुमच्या नगरपालिकेकडून लेखी घ्या.

आता आवाजाबद्दल, कारण पैसे वाया जातात ते इथेच. भिंतीला फोम चिकटवला की आवाज बाहेर जात नाही, हा समज मनातून काढून टाका. फोममुळे आतला घुमारा कमी होतो, एवढंच. तुमचा मुलगा तबला शिकतोय, म्हणजे खरी अडचण डग्ग्याची, त्याच्या खालच्या, घुमणाऱ्या आवाजाची. अशा खालच्या, 100 हर्ट्झच्या आवाजाच्या लहरीची लांबी साधारण 3.4 मीटर असते. पाच सेंटीमीटरचा फोम तिला काय अडवणार? आवाज अडतो तो वजनाने, हवाबंद बांधणीने आणि दोन भिंती एकमेकींपासून सुट्या ठेवल्याने. एकाच भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी जेमतेम 6 डेसिबलचा फरक पडतो. त्याऐवजी मधे पोकळी सोडून दोन स्वतंत्र सांगाडे उभे करा, पोकळीत खनिज लोकर (रॉकवूल) भरा आणि प्रत्येक सांगाड्यावर जिप्सम बोर्डाचे दोन थर द्या.

नकाशा काढण्याआधी एक चाचणी कराच. भाडेकरूंना विचारून एका संध्याकाळी स्टुडिओच्या जागी स्पीकर ठेवा, मुलाच्या रियाजाचं रेकॉर्डिंग तो वाजवतो तेवढ्याच आवाजात लावा आणि त्यांच्या झोपायच्या खोलीत खिडक्या बंद करून बसा. फोनवरच्या अ‍ॅपने आवाज मोजा. शांत असताना 30 डेसिबल आणि आता 55 दिसत असेल, तर भिंतींना निदान 25 डेसिबल तरी अडवायचे आहेत. अ‍ॅपचा आकडा ढोबळच असतो, त्यामुळे वर भरपूर वाव ठेवा. डग्ग्यासाठी तर ठेवाच.

आमचा स्टुडिओ झाला तेव्हा रात्री आत दिवा लावून आम्ही बाहेर अंधारात उभे राहिलो. दाराखाली उजेडाची बारीक रेघ दिसली. जिथून उजेड येतो तिथून आवाजही येतो. उंबऱ्याला रबरी पट्टी बसवली आणि शेजारच्या खोलीत ऐकू येणारा ठेका बराच दबला. पण एवढी हवाबंद खोली तासाभरात कोंदते. म्हणून ताज्या हवेची सोय पहिल्या दिवसापासून नकाशात हवी, आतून अस्तर दिलेल्या वळणाच्या नळीतून. हा खर्च शेवटी उरकायचा म्हणू नका.

विजेला वेगळा मीटर घ्या, नाहीतर तुमच्या एसीचं बिल भाडेकरू भरतील. विमा कंपनीला आणि कर्ज देणाऱ्या बँकेला आधीच कळवा. स्टुडिओचा खर्च भाड्याच्या हिशेबात मिसळू नका. कर भरताना दोन्ही वह्या वेगळ्या लागतील.

पुरवणी कराराचा कच्चा मसुदा झाला की पाठवा. वाजवण्याच्या वेळांचं कलम मी आधी वाचेन.